मीच बांधवलेली राखी

माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट सौदा मी स्वतः केला आणि त्यानंतर दोन दिवस घरभर खुशीत फिरले. हे आधीच सांगून टाकते. कारण नवऱ्याच्या गावी, रिठदला, आजही माझं नाव निघालं की लोक तेच म्हणतात, "राखी तर तिनंच बांधवली होती." हो, मीच बांधवली. त्यातून बाहेर पडायला मला दोन वर्षं लागली. बाहेर पडताना मला एकच गोष्ट हवी होती. बायको संशयी होती म्हणून घर मोडलं, असं कोणी म्हणू नये. खरं कारण नवऱ्याने स्वतःच्या तोंडाने चारचौघांत सांगावं. पलंग, कपाट, टीव्ही, सगळं त्याच्याकडे राहिलं तरी माझी हरकत नव्हती.

जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणं हा माझा धंदा. लग्नाआधी टोपली डोक्यावर घेऊन सुरू केला. बसने शिरपूर, बसने मानोरा, तिथून पुढे तांड्यांवर पायी. आता वाशिमला माझा गाळा आहे, माल वाहायला तीनचाकी आहे, हाताखाली दोन बायका आहेत. यातलं काहीही मला कोणी दिलेलं नाही. बापाकडून मिळालं ते तापट डोकं, आणि तेच मला उपयोगी पडलं. दारात उभं राहून बोलायला मला अजूनही आवडतं.

"चार साड्या हायत. त्याच्यावर कुकर दे."

"ताई, चार साड्यांवर कुकर देल्ला तर मले तुमच्याच घरी जेवाले याव लागन. डबा घ्या."

"डबे ठेवाले जागा नाई घरात."

"मंग तुमच्या ह्यांचा लग्नातला कोट काढा आतून. घालतात का आता?"

"पोट मावते का त्याच्यात!"

ती हसत आत जाते आणि कोट घेऊन येते. असा माझा दिवस जायचा.

या धंद्यात डोळ्यांपेक्षा नाक आणि बोटं जास्त लागतात. कपडा हातात आला की मला घर कळतं. कोपरं विरलेला शर्ट म्हणजे टेबलावर बसणारा माणूस. पँट कमरेत दोनदा ढिली केली म्हणजे सुखात आहे. साडीचा पदर एकाच जागी चुरगळलेला, म्हणजे बाईला तो तोंडात धरून रडायची सवय आहे. मी हे कोणाला बोलून दाखवत नाही, पण भाव करताना लक्षात ठेवते.

माझा नवरा वाशिमलाच एका कृषी केंद्रात कामाला होता. खत, बियाणं, फवारणीचं औषध. त्याच्या शर्टांना औषधाचा उग्र वास यायचा; त्याचे कपडे मी वेगळे भिजवायची. माणूस शांत. माझ्यासारख्या बाईला असा नवरा मिळाला याचं माझ्या माहेरी सगळ्यांना आश्चर्य होतं. मूलबाळ झालं नाही. तो विषय वेगळा आहे, तो इथे काढणार नाही.

त्याच्या दुकानापासून दोन शटर सोडून एक बाई ब्लाऊज शिवायची. तिचा नवरा पुण्याला कंपनीत, चार-सहा महिन्यांनी एकदा येणारा. आधी तिचा गॅस आणून दे, मग तिच्या पोरीच्या शाळेचा दाखला काढून दे. इथवर मी काही बोलले नाही. माणसाने शेजाऱ्याचं काम करावं. पण मग फोन सुरू झाले. घरी आल्यावर हात-पाय धुण्याआधी फोन. जेवताना फोन. माझ्याशी तो दिवसाला दहा वाक्यं बोलायचा, त्यातली चार मिठाबद्दल. आणि तिकडे अंगणात उभा राहून हसायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, तो असा हसू शकतो हे मला माहीत नव्हतं.

एक दिवस मी विचारलं, "एवढं काय बोलत राह्यता तिच्याशी?"

"काही नाई. दिवसभराचं."

"दिवसभराचं मले काहून नाई सांगत?"

"तुह्याशी बोलणं म्हंजे बजार हाय," तो म्हणाला. "मैत्रीण हाय थे माही. तुह्या डोक्यात घाण हाय, त्याले मी काय करू?"

माझ्या हातात वरण ढवळायची पळी होती. ती मी फेकली. भिंतीला लागली, त्याला नाही. मग डोकं थंड झाल्यावर मी बाजारात करते तेच केलं. समोरचा ज्या गोष्टीचा टेंभा मिरवतो, तीच गोष्ट त्याच्याकडून मागायची.

"एवढं साफ हाय ना?" मी म्हटलं. "मंग राखी बांधू द्या तिले. माह्यासमोर, ह्या घरात. त्याच्यानंतर मी एक शब्द बोलणार नाई."

तो दुकानात निघून गेला. संध्याकाळी म्हणाला, "ठीक हाय." त्याच क्षणी मला संशय यायला हवा होता. जो सौदा इतक्या सहज पटतो, त्यात आपणच काहीतरी जास्तीचं देऊन बसलेलो असतो. हे मी गावोगावच्या बायकांना वर्षानुवर्षं करून दाखवलं आहे. स्वतःच्या घरात मात्र विसरले.

राखीपौर्णिमेला ती आली. ताट सजवून आणलं होतं. नवऱ्याला पाटावर बसवलं, टिळा लावला, राखी बांधली, पेढा भरवला. रिठदहून सासूबाई मुद्दाम आल्या होत्या. त्यांना मुलगी नाही, त्यांचे डोळे भरून आले. मी वहिनी म्हणून तिला कोरी साडी दिली, धंद्यातली नव्हे, दुकानातून घेतलेली. मनात म्हटलं, झालं, दोरी बांधली.

माझा वर्गवारी केलेला जुना कपडा कारंज्याचे एक म्हातारे व्यापारी घ्यायचे. त्यांना मी चाचा म्हणते. त्यांना हा पराक्रम सांगितला तर त्यांनी गठ्ठ्यावरचा हात काढला आणि माझ्याकडे बघत राहिले.

"बेटी, इतनी हुशार होके ये क्या किया? वो दरवाजे पे खडी थी, तूने तो उसको घर का पास बनाके दे दिया."

मी त्यांच्यावर चिडले. त्या दिवशी गठ्ठ्याला भावही कमी मिळाला, कारण चिडलं की मला भाव करता येत नाही. पण महिन्याभरात कळलं की म्हातारा बरोबर बोलला होता.

कारण आता ती माझी नणंद झाली. आधी ती घराबाहेर फोनवर होती, आता स्वयंपाकघरात आली. मैत्रिणीला उंबऱ्यावर थांबवता येतं. नणंदेला चहा द्यावा लागतो. भाऊबीजेला तिचा मान. संक्रांतीला तिचं वाण. दिराच्या लग्नात करवली म्हणून तीच उभी राहिली, हातात दिवा घेऊन, आणि मी मागे आहेराच्या पिशव्या धरून. रिवाजाप्रमाणे मी तिला वाकून नमस्कार केला. वयाने माझ्यापेक्षा लहान बाईला! ती माझ्या खांद्याला धरून म्हणाली, "राहू द्या वैनी," आणि तिने मला पूर्ण वाकू दिलं.

एकदा फक्त मी सासूबाईंकडे विषय काढला. त्यांनी कानावर हात ठेवले. "बहीण-भावाच्या नात्यावर असं बोलते? तोंडात किडे पडतीन तुह्या. अन् राखी कोणं बांधवली? तूच ना?"

झालं. माझ्याच अटीने माझं तोंड शिवलं गेलं. एक शब्द बोलणार नाही, असं मीच म्हटलं होतं. दिलेला शब्द मी धंद्यात कधी मोडला नाही, आणि त्या दोघांना ते पक्कं माहीत होतं. त्यांच्यात काही घडलं की नाही, ते मला माहीत नाही. मी तसा आरोप तेव्हा केला नाही, आजही करत नाही. मी खोलीत आले की दोघं बोलायची थांबायची, एवढं माहीत आहे. माणूस माझ्या घरी झोपायचा आणि त्याचं सगळं बोलणं तिथे व्हायचं. मला ते पुरेसं आहे.

असं वर्षभर गेलं. मग पावसाळा सरता सरता, एका सकाळी कपडे भिजवायला घेतले आणि हात थांबला. शर्टाला औषधाचा वास नव्हता. पावसाळाभर सगळ्याच कपड्यांना कुबट वास होता, म्हणून तोवर लक्षात आलं नव्हतं. नाकाशी धरला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. फवारणीचे दिवस, कृषी केंद्रात उभं राहायला जागा नसते, आणि माझ्या नवऱ्याचे शर्ट पाहुण्यासारखे स्वच्छ. एका बाहीवर निळी रेघ होती. मी ती नखाने खरडली. शिंपी कापडावर खूण करायला वापरतात तो खडू.

घर माझ्या धंद्यावर चालायचं, त्याचा पगार तो त्याच्याजवळ ठेवायचा. त्यामुळे पगार थांबला तर मला कळायचं काही कारण नव्हतं. मी कृषी केंद्रात गेले. मालक गल्ल्यावर होता. मला बघून गोंधळला.

"वहिनी, त्यांना जाऊन तर तीन महिने झाले. हिशेबावरून थोडी बोलाचाली झाली, त्यांनीच सोडलं. तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत हाय," मी म्हटलं. अनोळखी माणसासमोर मी हरत नाही.

तीन महिने! रोज सकाळी मी डबा भरून देत होते. पोळ्या, भाजी, वर लिंबाचं लोणचं. रोज तो डबा घेऊन कामावर निघत होता. मी दोन शटर चालत गेले. दुपारची वेळ होती. शिलाई मशीनच्या मागे चटईवर दोघं बसली होती, मध्ये माझा डबा उघडलेला. ती माझ्या पोळीचा तुकडा मोडत होती. मला बघून तो अर्धवट उठला. ती उठली नाही. तिला वाटलं, मला आता सगळं माहीत झालं आहे आणि मी समजून घेतलं आहे. अगदी मोकळेपणाने म्हणाली,

"या ना वैनी, जेवाले. आज भाजीत मीठ कमी पडलं बरं तुमच्याकडून."

मी डबा उचलला. भाजी रस्त्याच्या कडेला ओतली, डबा पुसला आणि पिशवीत टाकला. स्टील चांगलं होतं, सोडायचं कशाला? मग दुकानाच्या पायरीवर उभी राहून मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारची चार शटरं ऐकत होती. ती मात्र घाबरली नाही. "वैनी, माणूस खचला होता," म्हणाली. "कोणाले तरी सांगणारच ना?"

घरी आल्यावर मी त्याला एवढंच विचारलं, "मले काहून नाई सांगितलं?"

तो म्हणाला, "तुले सांगितलं असतं तर तू पह्यले विचारलं असतं, कोणाची चूक होती. मंग विचारलं असतं, पुढे काय. तिनं काही विचारलं नाई. पाणी देल्लं."

हे वाक्य मी पुष्कळ वेळा घोळवलं आहे. त्यात खोटं काही नाही. मी तेच विचारलं असतं. पण मी त्याच दिवशी चार ठिकाणी जाऊन त्याच्यासाठी दुसरं काम शोधलं असतं, हेही खरं आहे, आणि ते त्याच्या तोंडून निघालं नाही. पाणी द्यायला मलाही येतं. तहान लागली आहे हे मला सांगायला तर हवं! तीन महिने मी डबा भरत होते आणि त्या डब्याभोवती दोघं बसून माझ्यापासून काय लपवायचं ते ठरवत होती. मी माझे कपडे भरले आणि गाळ्याच्या वरच्या खोलीत राहायला गेले. जाताना म्हटलं, "आता फारकत."

रिठदला सासरच्या घरी बैठक बसली. दिराने सतरंज्या घातल्या. नवऱ्याचे मामा मध्यस्थ, माझ्याकडून माझा मोठा भाऊ. सासूबाई दाराशी. मामांनी सुरुवातच भाव केल्यासारखी केली.

"हे पाह्य बाई, राखी तोडून टाकू. उद्यापासून थे पोरगी ह्या घरात पाय ठेवणार नाई. मंग तर झालं?"

"राखी राहू द्या, मामा. मले त्याच्याशी काही घेणं नाई."

"मंग तुले पाह्यजे काय? त्याले समज देऊ. घर तुह्या नावावर करू."

"घर नको."

"मंग तोंड उघड ना!"

"त्यांनी इथी सर्व्यांसमोर सांगाव, ह्या पावसाळ्यात काय झालं, अन् थे पह्यले कोणाले सांगितलं. अन् मले कधी कळलं. बस. मंग जिथी म्हणान तिथी सही करतो."

मामा हसले. त्यांना ते पोरकट वाटलं. माझ्या भावानेही मला कोपर मारलं. त्याला घराची गोष्ट सोडवत नव्हती. दाराशी सासूबाई म्हणाल्या, "संशयाचं औषध नसते व बाई. राखी तूच बांधवली अन् आता तूच—"

"हाव, म्याच बांधवली!" मी उठून उभी राहिले. "माही अक्कल गहाण पडली होती तवा. खराब सौदा केला म्हणून तो जन्मभर डोक्यावर घेऊन फिरू का? कोणी फाटकं कापड आणून देते अन् माह्या ध्यानात येत नाई, तर मी थे फेकतो. घडी घालून कपाटात नाई ठेवत."

मामा म्हणाले, "बस खाली. बायकांनी असं—"

"बसत नाई. त्यांना बोलू द्या."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो भिंतीला टेकून बसला होता. मला वाटलं, हा आता माझ्या डोक्यात घाण आहे म्हणेल आणि लोक माना हलवतील. तसं झालं असतं तर मी उभ्या उभ्या हरले असते, कारण माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. मी बसले नाही. त्याच्याकडे बघत राहिले, मोठ्या गिऱ्हाइकाकडे बघतात तसं, पापणी न हलवता.

"काम सुटलं थे तिले सांगितलं," शेवटी तो म्हणाला. "पह्यल्याच दिवशी. हिले तीन महिने नाई सांगितलं. हिनं स्वतः शोधून काढलं."

"कायचं काम सुटलं?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम वेगळा आला. "तुह्यं काम सुटलं? मी पोळ्याले आली होती तवा तू डबा घेऊन गेल्ता ना रे."

सासूबाई त्याच्याजवळ सरकल्या.

"म्हंजे मलेही नाई सांगितलं? अन् तिले सांगितलं?"

दीर सतरंजीचा कोपरा सरळ करत राहिला. सासूबाई उठल्या, आत गेल्या, आणि बैठक संपेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी मला परत कधी संशयी म्हटलं नाही. बाकीचे म्हणतात, म्हणोत. माझी बाजू घेऊनही त्या कधी बोलल्या नाहीत. तेवढी माझी अपेक्षाही नाही.

मामांना वाटलं, आता काम झालं. "पाह्य बाई, पोरानं मोठ्या मनानं कबूल केलं. आता तूही मोठं मन कर. चल, चहा ठेव सर्व्यांसाठी."

"कबुली मागितली होती, मामा. नवरा परत नाई मागितला."

माझा भाऊ येताना बसमध्ये खिडकीशी बसला. मग म्हणाला, "घर सोडाले नव्हतं पाह्यजे." मी त्याला तिकिटं नीट ठेवायला सांगितली.

वाशिमला वकिलाने कागद तयार केला. त्यात लिहिलं होतं, स्वभाव जुळत नसल्यामुळे दोघांच्या संमतीने. मी म्हटलं, हे खोटं आहे. वकील समजूतदार होता. म्हणाला, "ताई, खरं लिहिलं तर ते सिद्ध करावं लागेल, वर्षं जातील. हे लिहिलं तर लवकर मोकळ्या व्हाल." मी थोडा विचार केला. रिठदच्या बैठकीत जे बोललं गेलं ते दहा माणसांनी ऐकलं होतं. कागद वाचणार न्यायाधीश, आणि त्यांना माझ्याकडून भांडी घ्यायची नव्हती. मी सही केली.

शेवटच्या तारखेला तो कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्याजवळ आला. वाळला होता. शर्टाची इस्त्री मोडलेली. म्हणाला, "थे पुण्याले गेली नवऱ्यापाशी. फोनही नाई करत आता." आणि थांबला. माझ्या उत्तराची वाट बघत होता. तिच्याकडे जागा राहिली नाही म्हणून हा माझ्या दारात आला होता, आणि त्यालाही ते कळत होतं. म्हणूनच पुढचं वाक्य त्याला जमेना.

"वकील बोलावत हायत," मी म्हटलं.

आत न्यायाधीशांनी विचारलं, विचार बदलला आहे का? मी म्हटलं, "नाही." मोठ्याने म्हटलं, कारण पंख्याचा आवाज होता. त्याने खाली बघून मान हलवली.

बाहेर बाकावर एक तरुण बाई बसली होती. कडेवर लेकरू, हातात तसलाच कागद. माझ्याकडे बघून तिने विचारलं, "झालं का तुमचं? काहून सोडलं व तुमी?"

तिच्या कागदावर काय लिहिलं असेल ते मला माहीत होतं. मी पिशवी खाली ठेवली, तिच्या शेजारी बसले आणि पहिल्या फोनपासून सगळं सांगितलं.